शुभेच्छुक : समस्त मामा परिवार

माणूस जिथे मत देतो, तीच त्याची खरी मातृभूमी. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. इंग्लंडच्या मधोमध असलेल्या एका मध्यम आकाराच्या गावात, वाचनालयाच्या वरच्या खोलीत, बाहेरून आलेल्यांनी समाजात कसं मिसळावं या विषयावर सभा भरली होती. तिथे मी ते उभा राहून म्हटलं. टाळ्या पडल्या. मग चहा आला, आणि पहिल्या रांगेतल्या बाईंनी मला अगदी आस्थेने विचारलं, की तुमच्या देशात चहा मिळतो का.

मी मूळचा साताऱ्याकडचा. पंचविशीत इंग्लंडला गेलो, त्याच वाचनालयात नोकरीला लागलो, तिथलं नागरिकत्व घेतलं आणि तिथूनच निवृत्त झालो. उरलेलं आयुष्य कुठे काढायचं यावर घरात चर्चा झाली. मी हवामान, दवाखाने आणि विमानांच्या सोयी यांचा मुद्देसूद विचार मांडला. बायको म्हणाली, "इंदूर." चर्चा संपली. ती मल्हारगंजात वाढलेली. तिचे पूर्वज दरबारच्या फौजेत होते, आणि हुकूम द्यायची पद्धत घरात अजून शिल्लक आहे.

म्हणून आता मी अन्नपूर्णा मंदिराच्या अलीकडच्या एका गल्लीत राहतो. पासपोर्ट ब्रिटिश. भारत सरकारच्या कृपेने मला इथे राहता येतं, घर घेता येतं, आजारी पडता येतं. मत देता येत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होती ती पोह्यांबद्दल.

पहिले काही दिवस मला पोहे मिळालेच नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर मी रांगेत उभा राहत असे. रांगेत मी एकटाच असे. माझ्या दोन्ही बाजूंनी हात पुढे जात, सेव आणि जिरावण मसाला भुरभुरलेल्या प्लेटा मागे येत, आणि मी पुढच्या माणसाची वाट पाहत असे, जो नव्हताच. शेवटी गल्लीच्या समितीच्या अध्यक्षांना माझी दया आली. हे गृहस्थ मल्हारगंजात नळ आणि पाइप विकतात आणि लहानपणी माझ्या बायकोच्या शेजारी राहायचे.

"जीजाजी," ते म्हणाले, "इथे उभं राहून काही नाही मिळत. हात टाका, हात! आणि जोरात बोला. तो काय मन की बात वाचतो का तुमची?"

मी हात टाकला. पोहे आले. त्यांनी माझ्या प्लेटमध्ये न विचारता जिलबी ठेवली आणि दुकानभर जाहीर केलं, "आपल्या ताईंचे मिस्टर आहेत. विलायतहून."

त्या सकाळपासून मी सगळ्या गल्लीचा जीजाजी झालो. इंग्लंडात ज्या गोष्टीसाठी समित्या बसल्या, अहवाल निघाले आणि भरपूर बिस्किटं खर्ची पडली, ती मला इंदुरात एका नात्याने मिळून गेली. अर्थात मी फार हुरळलो नाही. त्याच आठवड्यात अध्यक्ष समोरच्या घराच्या वरच्या मजल्याकडे बोट करून मला म्हणाले, "ते वरचे पुणेवाले बघा. नवरा-बायको दोघं कंपनीत. सकाळी जातात, रात्री येतात, कोणाशी मिक्स होत नाहीत. जिथे राहायचं तिथलं थोडं तरी व्हायला पाहिजे ना, भिया?"

हे वाक्य मी ओळखलं. इंग्लंडात ते मी इतक्यांदा ऐकलं होतं, की त्यातल्या श्वासाच्या जागासुद्धा मला पाठ होत्या.

तिकडे आमची एकुलती एक मुलगी असते. ती तिकडेच जन्मली, तिकडेच शाळेत भूगोल शिकवते. गेल्या वर्षी हिवाळ्यात तिचा फोन आला. आवाज चढलेला, धापा टाकणारा. "बाबा, मी उभी राहतेय!"

मला वाटलं, घर विकत घेतलं आणि कर्जाबद्दल बोलतेय. पण ती नगरसेवकाच्या निवडणुकीला उभी राहत होती. मी जिथे नोकरी केली ते वाचनालय बंद करायचं घाटत होतं. परत आलेली पुस्तकं मांडायची जी ढकलगाडी असते, तिच्या खालच्या फळीवर बसून ती वाचायला शिकली होती. "मी ते बंद होऊ देणार नाही," ती म्हणाली. त्या वॉर्डाची जागा मिळाली तर नगरपालिकेच्या सभेत वाचनालयाच्या बाजूने एक मत वाढणार होतं, आणि तेवढ्याने पारडं फिरण्यासारखं होतं. मी खुर्चीतून उठलो. उठून काय करायचं ते न सुचल्यामुळे पुन्हा बसलो. बायकोने देवापुढे साखर ठेवली आणि मग पहिला व्यवहारी प्रश्न विचारला: "समोर कोण आहे?"

समोर होता आमचा जुना शेजारी. आयुष्यभर बस चालवलेला, सरळ, जरा मोठ्या आवाजाचा माणूस. वर्षानुवर्षं त्याची शिडी माझ्याकडे आणि माझं गवत कापायचं यंत्र त्याच्याकडे, अशी आमची मैत्री. त्याच्या पत्रकावर ठळक अक्षरात होतं, की जे इथे येतात त्यांनी इथल्यासारखं व्हावं. तो स्वतः हिवाळाभर स्पेनच्या किनाऱ्यावर असतो. तिथे आपण पूर्ण मिसळून गेलो आहोत असं त्याने मला एकदा कुंपणावरून सांगितलं होतं. तिथल्या पबचा मालक त्याला नावाने हाक मारतो. मालक आमच्याच गावचा आहे.

मुलगी दारोदार फिरू लागली. पावसात, शाळा सुटल्यावर, भिजलेल्या बुटांनी. तिने लोकांना वाचनालयाबद्दल विचारलं. लोकांनी तिला कचऱ्याच्या डब्यांबद्दल विचारलं. तिकडे घरोघरी चाकांचे डबे असतात, वेगवेगळ्या रंगांचे. एका आठवड्याला एक रंग उचलतात, दुसऱ्याला दुसरा, आणि आज कोणता यावर शेजाऱ्यांत कायमचं वैर येऊ शकतं. "बाबा, मी लोकशाहीबद्दल बोलते आणि ते मला तपकिरी डबा उघडून दाखवतात," ती म्हणाली. तरी तिला आशा होती. लोक दार उघडत होते. काही जण तर चहासुद्धा देत होते.

मी ठरवलं की निदान माझं मत तरी पाठवू. अर्ज कसा करायचा ते शोधायला बसलो आणि कळलं, की परदेशात राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाला पार्लमेंटसाठी मत देता येतं, पण गावच्या निवडणुकीत नाही. युद्ध करावं की नाही हे मी इंदुरातून सांगू शकतो. डबा कोणी उचलावा हे ठरवायला मात्र डब्याजवळ राहावं लागतं. रागावून बराच वेळ येरझारा घातल्यावर मला नियम शहाणपणाचा वाटू लागला, आणि त्यामुळे आणखी राग आला.

ही हकिगत बायकोने अध्यक्षांना सांगितली. ते भर दुपारी घाम पुसत आले. एप्रिल संपत आला होता, बाहेर गरम वाऱ्याची लू चालत होती.

"ताई, हे काय ऐकतोय? भाची पार्षदाच्या इलेक्शनला उभी आहे आणि मामांना खबर नाही?"

"अरे, तिकडची निवडणूक आहे ती," बायको म्हणाली. "आपण इथून काय करणार?"

"काय करणार म्हणजे? अपन माहौल बनवणार!"

दोन दिवसांनी सकाळी दूध घ्यायला बाहेर पडलो, तर गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांच्या मध्ये फ्लेक्स. एवढा मोठा, की त्याखालून जाताना माणूस आपोआप मान लववतो. उजवीकडे अध्यक्ष, हात जोडलेले, काळा गॉगल. डावीकडे अध्यक्ष, हात उंचावलेले, तोच गॉगल. खाली समितीचे सगळे सभासद गोल गोल चौकटींत, पदांसकट. एका गोलात मी. फोटो पासपोर्टावरचा, त्यामुळे फरार असल्यासारखा. मधोमध, जागा उरली होती तिथे, आमची मुलगी. मजकूर हिंदीत: 'इंदौर की लाड़ली भांजी को विलायत में पार्षद पद के चुनाव हेतु हार्दिक शुभकामनाएँ.' आणि तळाशी, 'शुभेच्छुक : समस्त मामा परिवार.'

मी थाटामाटाचा शत्रू आहे. असल्या फलकांवर मी आयुष्यभर हसत आलो. त्या सकाळी मात्र मी दूध विसरून तिथेच उभा राहिलो, आणि चष्मा दोनदा पुसला. उन्हाळ्यात धूळ असतेच.

बायको चप्पल न घालताच धावत आली. तिने फोटो काढला आणि आमच्या इंग्लंडातल्या जुन्या रस्त्याचा जो व्हॉट्सॲप गट आहे त्यावर पाठवून दिला. त्या गटावर तिच्या हातच्या समोशांच्या आठवणी काढणाऱ्या बायका आहेत. आणि त्यातल्या एकीचा नवरा, हे आम्ही दोघंही विसरलो, शेजाऱ्याच्या प्रचाराचं काम पाहत होता.

इथे दुपारचं जेवण आटपायच्या आत तो फोटो तिकडच्या वॉर्डाच्या फेसबुक पानावर होता. वर एकच ओळ: 'ही बाई नक्की कोणत्या देशातून उभी आहे?'

थोड्याच वेळात फोन वाजला. मुलगी. ती रडत नव्हती. त्याहून वाईट, अगदी सावकाश बोलत होती.

"बाबा, हे काय आहे?"

"शुभेच्छा आहेत."

"पाच महिने मी लोकांना सांगतेय की मी इथली आहे. इथे जन्मले, इथे शिकवते. आता सगळे विचारतायत, ती गँग कोणती? तो गॉगलवाला कोण आहे?"

"तुझा मामा."

"मला मामा नाहीये, बाबा!"

"आता आहे. परिवार आहे," मी म्हणालो.

ती हसली नाही. "मतदान गुरुवारी आहे. प्लीज तो काढा. आत्ता. आपण हरलो तर वाचनालय जाईल, आणि ते एका बॅनरमुळे जाईल."

मी बायकोकडे पाहिलं. तिने फोन हातातून खाली ठेवला होता आणि ती पदराचं टोक पिळत होती. मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच गॉगल काढला.

"जीजाजी, मतदानाच्या आधी बॅनर उतरवायचा? तुम्हाला माहीत आहे याचा मतलब काय होतो? लोक समजतात, कँडिडेट बसला. पैसे घेऊन बसला."

"तिकडे उलटं आहे. इथे बॅनर राहिला तर तिकडे ती बसेल."

"पण आपण काय वाईट केलं? मुलीचं नाव लिहिलं, आशीर्वाद दिला."

"तिकडे आशीर्वाद खासगीत देतात."

त्यांनी गॉगल घडी करून खिशात टाकला. मग म्हणाले, "भाचीचं नुकसान होत असेल तर बात खतम," आणि स्वतः शिडी घेऊन आले. वर चढून त्यांनी एका बाजूची दोरी सोडली. फ्लेक्स एका खांबावरून घसरला आणि त्यांचाच डावीकडचा, हात उंचावलेला फोटो त्यांच्या पायाशी दुमडला. ते दुसऱ्या खांबाकडे शिडी नेत होते, तेवढ्यात माझा फोन पुन्हा वाजला.

"बाबा, काढला का?"

"अर्धा."

"थांब! काढू नको!"

मी अध्यक्षांना ओरडून थांबवलं. ते शिडी हातात धरून तसेच उभे राहिले, भर उन्हात.

झालं होतं ते असं. सुरुवातीला त्या फोटोखाली जे लिहायचं ते लिहून झालं. मग आमच्या जुन्या रस्त्यावर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंनी, ज्या सगळ्यांच्या पडद्याआडचं पाहण्यात आयुष्यभर तरबेज होत्या, फोटो मोठा करून पाहिला. बॅनर त्यांनी पाहिलाच नाही. त्यांनी बॅनरखालचा रस्ता पाहिला. त्यावर काहीच पडलेलं नव्हतं. मागे वळणावर कचऱ्याची पिवळी गाडी उभी होती. त्यांनी लिहिलं, की तो रस्ता आपल्या रस्त्यापेक्षा स्वच्छ का आहे, आणि ती गाडी तिथे किती वेळा येते, हे कोणी सांगेल का?

"बाबा, गाडी किती वेळा येते?"

"रोज."

"रोज म्हणजे दर आठवड्याला?"

"रोज म्हणजे रोज. सकाळी. गाणं वाजवत."

"रोज," ती पलीकडून सावकाश म्हणाली. भूगोलाच्या शिक्षिकेला जगाचा नकाशा पुन्हा जुळवायला वेळ लागतोच. मग ती म्हणाली, "मला त्या गाडीचा व्हिडिओ हवाय. उद्या सकाळी."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे दारात तयार. गाडी आली. बायकोने ओला कचरा एका कप्प्यात टाकला, सुका दुसऱ्यात, आणि अध्यक्ष, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, कॅमेऱ्यासमोर येऊन उभे राहिले. गॉगल पुन्हा जागेवर होता. "वेट," ते इंग्रजीत म्हणाले. "ड्राय. सेपरेट. एव्हरी डे. विश यू ऑल द बेस्ट." इतकं नेमकं राजकीय भाषण मी इंग्लंडात कधी ऐकलं नाही.

त्या व्हिडिओखाली लोक तुटून पडले. 'रोज?' 'आमचा डबा इस्टरपासून भरलेला आहे.' 'ह्या बाईच्या मामांना इकडे बोलवा.' काहींनी विचारलं, गॉगलवाले गृहस्थ उभे आहेत का. मुलीने खाली एकच वाक्य लिहिलं, की मामा उपलब्ध नाहीत, पण त्यांची भाची उपलब्ध आहे. ते वाचल्यावर माझी बायको मोबाइल छातीशी धरून स्वयंपाकघरात निघून गेली. अध्यक्षांनी सुटलेली दोरी पुन्हा बांधली.

शुक्रवारी मोजणी. तिकडची सकाळ म्हणजे आपली दुपार. आमच्या बैठकीत गल्ली मावत नव्हती. कैरीचं पन्हं, कचोऱ्या, पंखा पूर्ण वेगात आणि तरीही सगळे घामाघूम. मुलीच्या मैत्रिणीने मोजणीच्या हॉलमधून व्हिडिओ कॉल लावून धरला होता. पडद्यावर एक क्रीडागृह, लांबच लांब टेबलं आणि मतपत्रिकांचे गठ्ठे. कोपऱ्यात मुलगी उभी, दोन्ही हात कोटाच्या खिशात. लहानपणी परीक्षेच्या निकालाला ती तशीच उभी राहायची.

"जीजाजी, काय म्हणून राहिलेत ते?"

"अजून काही नाही."

"आणि आता?"

"फेरमोजणी मागितली आहे. अंतर फार थोडं आहे."

"कोणी मागितली? आपण की त्यांनी?"

मला कळत नव्हतं. आवाज येत-जात होता. बायकोने माझं मनगट इतकं घट्ट पकडलं होतं, की घड्याळ दिसेना. तेवढ्यात दारात ते वरचे पुणेवाले दिसले. सुट्टी होती की घरून काम, कोण जाणे. एवढा कसला गोंधळ चाललाय ते पाहायला आले होते. अध्यक्षांनी त्यांच्या हातात न विचारता कचोरी ठेवली. त्या जोडप्यातल्या मुलीला काय चाललंय ते कळलं, आणि ती कचोरी तशीच धरून माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसली.

मंचावर एक अधिकारी आला आणि, मरणाची बातमी वाचावी तशा सुरात, उमेदवारांची नावं आणि मतं वाचू लागला. आमच्या शेजाऱ्याचं नाव आधी आलं. आकडा घरघरीत विरून गेला. मग आमचं आडनाव, असं उच्चारलेलं, की मलासुद्धा क्षणभर परकं वाटलं.

"आली!" पुणेवाली मुलगी उडी मारून ओरडली. तिचे कान माझ्यापेक्षा तरुण होते. "काका, आली! निवडून आली!"

पुढे काय झालं ते नीट सांगता येणार नाही. पन्ह्याचं भांडं सांडलं. बाहेर ढोल आधीपासूनच आणून ठेवलेला होता, म्हणजे कोणालाही शंका नव्हती, मला सोडून. अध्यक्षांनी पुणेवाल्या मुलीला "बेटा, तू तर घरचीच निघाली," म्हणत गुलाल लावला आणि तिच्या नवऱ्याच्या गळ्यात ढोल अडकवला. त्याला वाजवता येत नव्हता. कोणाचंही बिघडलं नाही. माझी बायको एकाच वेळी हसत होती, रडत होती आणि सांडलेलं पन्हं पुसत होती. आणि मी, पासष्टी ओलांडलेला वाचनालयवाला, खुर्चीवर उभा राहून टाळ्या वाजवत होतो. खुर्चीवर मी कधी चढलो ते मला आजही आठवत नाही.

मग भाषणं. अध्यक्ष म्हणाले, की आज मल्हारगंजने विलायत जिंकली, हा संस्कारांचा विजय आहे, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्यावर आज आपली भाची राज्य करणार आहे. मग ते माझ्याकडे वळले. "जीजाजी, आता दोन शब्द तुमचे."

मी खुर्चीवर उभाच होतो, त्यामुळे सुटका नव्हती. सगळे शांत झाले. ढोलसुद्धा थांबला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "माणूस जिथे मत देतो..."

फोन वाजला. मुलगी. बायकोने तो स्पीकरवर टाकून वर धरला. नव्या नगरसेविकेचे पहिले शब्द ऐकायला सगळी गल्ली पुढे झुकली.

"बाबा, तो आत्ता भेटायला आला होता," ती म्हणाली. आमचा शेजारी. हरलेला. "माझा हात हातात घेतला. म्हणाला, अभिनंदन, तुझ्या वडिलांना नमस्कार सांग."

"आणखी काय म्हणाला?" बायकोने विचारलं.

"म्हणाला, त्याचा तपकिरी डबा या आठवड्यात कोणी उचललेला नाही."